तुकाराम सांधेवाल्याच्या अक्षराच्या शोधात

मी नेमकं काय काम करतो हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. लहानपणी रेवाला, म्हणजे आमच्या मुलीला, शाळेत विचारलं तर ती सांगायची, "बाबा मीटिंग करतात." उत्तर अगदीच चूक नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी बिऱ्हाडं हलवतो. माणसांची नव्हे, माहितीची. एखाद्या कंपनीची संगणकावरची जुनी व्यवस्था थकली की तिच्या पोटातल्या लाखो नोंदी उचलायच्या, झाडायच्या, पुसायच्या आणि नव्या व्यवस्थेत नीट लावून द्यायच्या. चोवीस वर्षं पुण्यात बसून मी हेच करतोय. सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्याच्या हातून बरणी फुटली तर लगेच आवाज होतो. माझ्या हातून फुटलेली बरणी तीन वर्षांनी कळते.

हे तीन वर्षांचं मी उगाच म्हणत नाही. पुढे येईलच.

घरून काम सुरू झाल्यापासून मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतो. साहेबांना वाटतं इंटरनेट मंद आहे. खरं कारण माझी बायको मेधा. एकदा चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता ती म्हणाली, "सुनील, टाइप करताना तुझी जीभ बाहेर येते. डाव्या कोपऱ्यातून. पहिलीतल्या पोरासारखी. तिकडे सगळे बघत असतील." तेव्हापासून पडद्यावर माझ्या जागी माझ्या नावाचं पहिलं अक्षर दिसतं. पन्नाशीला आलेल्या माणसाने इतपत अब्रू राखावी.

तर या नोव्हेंबरात नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नाशकात केली, आणि आई गेल्यापासून पुण्याला आमच्याकडे असतात. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर चार-पाच दिवस ते घरातल्या सगळ्या वस्तू जवळ घेऊन बघत होते. कॅलेंडर, औषधांच्या बाटल्या, माझं डोकं. "तुझे केस गेले की रे," म्हणाले. मग एका सकाळी माझ्या मागे उभे राहून संगणकाकडे बघत विचारलं, "जुन्या नोंदी हलवतोस ना तू?"

"हो."

"माझ्या बापाचं अक्षर त्र्यंबकला आहे. डोळे नवे आहेत तोवर ते एकदा बघायचंय."

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गावोगावचे लोक यात्रेला आले की आपल्या उपाध्यायांकडे बसून वहीत स्वतःच्या हाताने लिहितात: मी अमुक, गाव तमुक, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, बायकामुलं. नातू पुढे कधी आला की त्याला आजोबाचं अक्षर काढून दाखवतात आणि त्याच्या खाली तो आपलं लिहितो. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललेलं.

माझे आजोबा, तुकाराम देवरे, मनमाडला रेल्वेत सांधेवाले होते. गाड्यांचे रूळ बदलायचं काम. नाना सहा वर्षांचे असताना ते त्यांना त्र्यंबकला घेऊन गेले होते. पुढच्याच वर्षी तापाने गेले. त्यांचा एकही फोटो नाही.

"चेहरा आठवतो?" मी विचारलं.

"नाही रे. खूप वेळा प्रयत्न केला. मांडीवर बसवलं होतं मला, ते आठवतं. ते लिहीत होते. माझा हात दौतीला लागला आणि पानावर ही एवढी शाई सांडली. मला वाटलं आता बसतोय फटका. पण नाही मारलं." नानांनी तळहात उघडून डाग केवढा होता ते दाखवलं, जणू तो अजून तिथेच आहे. "चेहरा नाही आठवत. डाग आठवतो."

आमच्या धंद्यात अशा वेळी माणूस कामाला लागतो. देवरे घराण्याची माहिती माझ्याकडे तयारच होती. तीन वर्षांपूर्वी मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोठा तक्ता केला होता: नाव, जन्म, रक्तगट, मूळ गाव, फोन. कुणी मागितला नव्हता. मी व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला तेव्हा अठरा जणांनी अंगठा दाखवला आणि एकानेही उघडला नाही. तरी आज तो कामाला आला. त्र्यंबकच्या गुरुजींचा नंबर मिळवून मी रुबाबात सांगितलं, "देवरे. मूळ गाव मनमाड."

गुरुजींनी विचारलं, "मनमाड? राहतं गाव की मूळ गाव?"

"मूळ," मी म्हणालो. तक्त्यात तसं होतं.

"बरं. या."

नाशिक

नाताळात आमच्या गोऱ्या ग्राहकांची कचेरी बंद असते, त्यामुळे मलाही रजा मिळते. पुण्याहून संगमनेर-सिन्नर करत नाशकात पोचलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की रेवाने गाडी चालवली आणि मी शेजारी बसून पूर्ण वेळ उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो.

ज्या गावात वाढलो तिथे लॉजवर उतरायचं म्हणजे स्वतःच्या लग्नात पाहुणा म्हणून जेवल्यासारखं वाटतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "नाशकात पहिल्यांदाच का?" नानांना ते लागलं. "अहो, तुम्ही रांगायला लागायच्या आधीपासून आम्ही इथल्या बसगाड्या दुरुस्त करत होतो," असं म्हणून त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि खोलीच्या चावीसाठी हात पुढे केला.

सकाळी मिसळ. पुण्यात मिसळीवरून लोक वाद घालतात, नाशकात मुकाट्याने खातात, हा मोठा फरक. काळा रस्सा, वर भाजलेला पापड, पाव मागाल तेवढे. थंडी अशी की रश्शाच्या वाफेवर हात शेकता येत होते. रेवाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते ती हसत पुसत राहिली. मेधाने दही मागवलं. नानांनी दह्याकडे असं बघितलं की तिने ते गुपचूप रेवाच्या ताटात सरकवलं.

तेवढ्यात ऑफिसातून श्रीधरचा फोन. पाळीवर असलेला माझा सहकारी, फार सरळ माणूस. "सर, एक्केचाळीस ग्राहकांची गावं यादीतल्या एकाही गावाशी जुळत नाहीत. काय करू?"

"जवळचं मोठं शहर घाल. नाहीतर 'इतर'मध्ये टाक."

"पण सर, त्यांनी लिहिलेलं वेगळंच—"

"श्रीधर, एक्केचाळीसच आहेत. टाक."

फोन ठेवला आणि मिसळीचा उरलेला रस्सा प्यायलो. आता आठवलं की ठसका लागतो.

त्र्यंबक

नाशकातून निघालं की सातपूर संपेपर्यंत कारखाने, मग एकदम मोकळं होतं आणि डाव्या हाताला अंजनेरी दिसायला लागतो. पुढे ब्रह्मगिरीचा कडा सगळं आभाळ अडवून बसलेला. नानांनी काच खाली केली. बोचरं वारं आत आलं. नवे डोळे डोंगरावर वापरून बघायचे होते त्यांना.

सुट्टीची गर्दी होतीच. दर्शनाच्या रांगेत अडीच तास गेले. त्यात मेधाने शेजारच्या बाईंकडून वालाच्या बिरड्याची पद्धत लिहून घेतली आणि रेवाची चप्पल कुणीतरी घालून गेलं. तिला निळ्या स्लिपरांचा जोड घेतला, तो प्रवासभर पचक पचक वाजत राहिला.

गुरुजींचं घर देवळामागच्या बोळात. गुरुजी सत्तरीचे, अंगावर स्वेटर, कानाला मफलर, आणि समोर बैठ्या लाकडी मेजावर मोबाइल चार्जिंगला लावलेला. भिंतीत कपाट, त्यात लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या. "नांदगाव, मनमाड आणि सगळं कसमादे आमच्या घराकडे," ते म्हणाले. कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. नाशिक जिल्ह्यात राहून ज्याला हे सांगावं लागतं तो माणूस लांबून आला असं समजतात. नानांकडे बघून त्यांनी ते सांगितलं नाही, माझ्याकडे बघून सांगितलं.

मी मोबाइल काढला. पानांचे फोटो काढले की अक्षरं वाचून शोधता येईल असं एक साधन मी खास घालून आणलं होतं. मी समजावून सांगायला लागलो. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"फोटो नाही काढायचा."

"का पण? सुरक्षित राहील. वही कधी भिजली, जळाली—"

"फोटो काढला की कुणी परत येत नाही," गुरुजी म्हणाले. "हाताने पान लावून वाचा, पाहिजे तितका वेळ. आमच्याकडे हीच पद्धत."

चोवीस वर्षांत मला कुणी इतक्या कमी शब्दांत नकार दिला नव्हता. आमच्याकडे नकाराला निदान तीन मीटिंग लागतात.

मनमाडच्या वह्या निघाल्या. गावाप्रमाणे लावलेल्या, आडनावाप्रमाणे नव्हे. मी म्हटलं आडनावाने लावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. गुरुजी पानं उलटत म्हणाले, "लोक आडनावं बदलतात. गाव बदलत नाही." दीड तास पानं उलटली. मनमाडची अठरापगड माणसं त्या वह्यांतून आमच्याकडे बघून गेली, पण देवरे नाहीत. एक देवरे निघाले, ते शिक्षक, आणि आमचे कुणी नव्हेत.

नाना प्रत्येक पानावर वाकत होते. अक्षर वाचत नव्हते, डाग शोधत होते. शेवटची वही मिटली तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. खराब झालेलं पान काढून टाकलं असेल. माझ्यामुळेच."

"पान आम्ही काढत नाही हो," गुरुजी जरा दुखावून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मनमाड जंक्शन आहे. जंक्शनला मुळातला कोण असतो? सगळे कुठून तरी आलेले. तुमचे आजोबा कुठून आले होते?"

मी नानांकडे बघितलं. नानांनी मान हलवली. सात वर्षांचे असताना वडील गेले, आईने रेल्वेच्या चाळीत मामाच्या आधाराने वाढवलं, आणि वडिलांचं गावाकडच्या भावाशी भांडण होतं म्हणून गावाचं नाव घरात निघत नव्हतं. "आक्काला माहीत असेल," ते हळूच म्हणाले. "ती मोठी आहे माझ्याहून."

परतताना गाडीत फक्त स्लिपरचा आवाज. लॉजच्या जिन्यात नाना एकदाच म्हणाले, "सात रुपये पगार वाढला म्हणून यात्रेला नेलं होतं आम्हाला. हे आठवतं बघ. उगाच काहीही आठवतं."

वणीवरून सटाण्याकडे

आक्काचं, म्हणजे माझ्या आत्याचं, गाव सटाण्याच्या पुढे, आरम नदीकाठी. दिंडोरी-वणीवरून गेलो. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, आणि वणी आली की सप्तशृंगीचा डोंगर गाडीबरोबर चालायला लागतो. तिथे चहाला थांबलो. टपरीवाल्याने नानांना विचारलं, "बाबा, गडावर जायचं का? लय थंडी हाय वर. सकाळी तर काय दिसत नाय." नाना म्हणाले, "आज बहिणीकडे." टपरीवाला म्हणाला, "मग तेच देवदर्शन," आणि चहात ज्यादा आलं घातलं.

कळवण सोडल्यावर बोली बदलत जाते. दुकानाच्या पायऱ्यांवरची बोलणी कानावर येतात, त्यातलं निम्मं समजतं, निम्मं सुटतं. पुणेकर रेवाला वाटलं हे लोक गाणं म्हणताहेत. नानांना मात्र समजत होतं. आईबरोबर बोललेली अहिराणी त्यांच्या आत कुठेतरी होती, आणि सटाणा आल्यावर ती बाहेर यायला लागली. एका म्हाताऱ्याला त्यांनी वाट विचारली ती मला न कळणाऱ्या भाषेत. मी माझ्या वडिलांना पन्नास वर्षं ओळखतो असा माझा समज होता.

सुंदरआत्या शहाऐंशी वर्षांची. ओसरीवर उन्हात बसली होती, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. व्हिडिओ कॉल करता येतो तिला. नानांना बघून म्हणाली, "कसा शे रे रघू? डोळा कसा शे?"

"चांगला शे आक्का. तुझं तोंड दिसतं आता."

"म्हातारं झालं ना माझं तोंड? दिसायचं नाही ते नेमकं दिसलं तुला." आणि ती जी हसली, तिला खोकला येईपर्यंत.

आत्याची सून चुलीवर उपड्या खापरावर मांडे करत होती. पुरणाची पोळी दोन हातांवर झेलत झेलत एवढी मोठी करायची की त्यातून पलीकडचा माणूस दिसेल, आणि मग खापरावर टाकायची. मेधाने करून बघितला. तो खापरावर पोचायच्या आधीच तिच्या कोपराला गुंडाळला गेला. सुनेने तो सोडवून तसाच भाजला आणि म्हणाली, "वहिनी, हा तुमच्या मालकाला द्या." मी खाल्ला. कोपराचा आकार होता, पण चव खरी होती. बरोबर कढत आमटी आणि साजूक तूप. पुण्यात आम्ही दोन पोळ्यांवर थांबतो कारण तिसरीला डॉक्टर दिसतात. इथे वाढणारी थांबल्याशिवाय थांबता येत नाही.

जेवणं झाली आणि नानांनी विचारलं, "आक्का, आपलं मूळ गाव कोणतं गं?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "याला सांगितलं ना मी."

"मला?"

"तूच फोन केला होता. रक्तगट विचारला, जन्मतारीख विचारली. मग म्हटला मूळ गाव सांग. मी म्हटलं पळासखोरे. दोनदा बोलले मी, पळासखोरे. तू म्हटला, बरं आत्या."

मला एकदम सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वीचा तो रविवार. तक्त्यातल्या मूळ गावाच्या रकान्यात मी हाताने लिहायची सोय ठेवली नव्हती. यादीतून निवडायचं: नाशिक, मनमाड, सटाणा, मालेगाव, पुणे, मुंबई. चुका होऊ नयेत म्हणून. पळासखोरे यादीत नव्हतं. नवं नाव घालायला यादी पुन्हा उघडावी लागली असती, आणि मॅच सुरू झाली होती. म्हणून मला ठाऊक असलेलं जवळचं मोठं शहर घातलं, आजोबांच्या नोकरीचं. मनमाड.

"बाबा," रेवा म्हणाली, "तुम्ही आपलं गावच डिलीट केलंत?"

"डिलीट नाही. त्याला सामान्यीकरण म्हणतात," असं मी म्हणालो, आणि मलाच ते इतकं वाईट ऐकू आलं की पुढचं बोललो नाही.

नाना रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं ते नाव पुटपुटत होते. पळासखोरे. पळासखोरे. नवीन दातांनी खाऊन बघावं तसं.

"बा तिथून भांडून निघाला," आत्या सांगत होती. "गावचं नाव कधी काढलं नाही त्याने. पण लिहायचं म्हटलं की तेच लिहायचा. तो कसा लिहायचा माहितेय? मान अशी वाकडी, आणि जीभ बाहेर. आई चिडवायची, मास्तर आला म्हणून." तिने मान तिरकी करून दाखवली आणि पदराने तोंड झाकून हसली. मग नानांचा हात धरला. "रघू, सापडलं तर बघशील का, माझं नाव घातलं का त्याने? मला नेलं नव्हतं यात्रेला. तुलाच नेलं. मी रडले होते."

निघताना मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन श्रीधरला निरोप पाठवला: "ती एक्केचाळीस गावं बदलू नकोस. लिहिलंय तसंच राहू दे. मी आल्यावर एकेक बघतो." त्याचं उत्तर लगेच आलं: "सर, मी बदललीच नव्हती." सरळ माणूस म्हटलं ना मी.

पुन्हा त्र्यंबक

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आम्हाला दारात बघितलं आणि एवढंच विचारलं, "गाव मिळालं?"

"पळासखोरे. सटाण्याकडचं, बागलाणातलं."

"मग परवा एवढा वेळ मनमाडात काय करत होतात?" असं म्हणत ते उठले. कपाटातून दोन वह्या काढल्या, एक परत ठेवली, दुसरी उघडली. मी घड्याळ बघितलं नाही, पण नाना मांडी घालून बसायच्या आत गाव निघालं. पळासखोरे. छोटं गाव, साताठ पानांचं. निम्मे देवरेच. "कोणत्या सालचं?" गुरुजींनी विचारलं. नानांना साल सांगता येईना. ते म्हणाले, "डाग आहे."

गुरुजींनी पान उलटलं. आणखी एक. नानांचं बोट हवेतच थांबलं.

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात, ओळींच्या शेवटाला, एक निळा-काळा डाग होता. तळहाताएवढा नव्हता. मोठ्या रुपयाएवढा असेल. सहा वर्षांच्या मुलाच्या आठवणीत तो वाढत गेला असणार. एका बाजूने तो पुसल्यासारखा ओढला गेला होता. कुणीतरी घाईने बोटाने टिपला होता.

वर ठसठशीत, जरा उजवीकडे झुकलेलं अक्षर: *तुकाराम गोविंदा देवरे, मौजे पळासखोरे, ह. मु. मनमाड, रेलवे. वडील गोविंदा, आजे रामजी. पत्नी भागीरथी. कन्या सुंदर. चि. र* — आणि पुढे डाग.

नाना हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलायला लागले. "बघ रे. सगळे राहिले. मी माझंच नाव पुसलं!" डोळ्यांतून पाणी येत होतं. नवे डोळे आहेत, जपा, असं मेधा म्हणाली आणि स्वतःच नाक ओढायला लागली.

गुरुजी पानाकडे बघत होते. "त्या काळी मुलींची नावं सहसा घालत नसत," ते म्हणाले. "यांनी घातलंय."

नानांनी आत्याला फोन लावला. "आक्का, आहे. तुझं नाव आहे. कन्या सुंदर." आत्या म्हणाली, "परत वाच." त्यांनी परत वाचलं. "परत." तीन वेळा वाचल्यावर ती म्हणाली, "आणि तुझं?"

"माझ्यावर शाई सांडली."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "तुला यात्रा, मला नाव."

आमच्या धंद्यात नोंदी हलवण्याआधी त्या स्वच्छ करायचा एक टप्पा असतो. तो मी तरुण पोरांना फार आवडीने शिकवतो. हे पान माझ्याकडे आलं असतं तर पहिला तो डाग गेला असता, आणि नानांनी वही कशावरून ओळखली असती ते देवाला माहीत. हे मी कुणाला बोललो नाही. आधीच माझं या प्रवासात खूप झालं होतं.

"आता तुमचं लिहा," गुरुजींनी वही नानांपुढे सरकवली. "खाली जागा आहे. सावकाश लिहा." पेन दिलं. दौत नव्हती, याबद्दल रेवा हळूच म्हणाली, "सुटलो."

नानांना मी आयुष्यभर पाने-हातोडीसह पाहिलेलं. लिहिणं म्हणजे सही आणि वाणसामानाची यादी, तीही आईच करायची. आता त्यांनी चष्मा नीट केला, पेन घट्ट धरलं, मान जरा वाकडी केली आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं. रघुनाथ तुकाराम देवरे, मौजे पळासखोरे.

मेधाने माझ्या बरगडीत कोपर मारलं. मांडा वाया घालवणारं तेच कोपर.

नानांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलं होतं.

मी बघत राहिलो. आजोबांचा फोटो नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. तिथे त्र्यंबकच्या बोळात, गुरुजींच्या बैठ्या मेजापाशी, मला ते दिसले. पूर्ण नाही. मानेचा कल आणि तोंडाचा एक कोपरा. रेवा एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे, असं आळीपाळीने बघत होती आणि हसू दाबायला तिने निळ्या स्लिपरकडे मान खाली घातली.

नानांनी माझं नाव लिहिलं, मेधाचं लिहिलं, मग थांबून विचारलं, "कन्या रेवा असंच ना?" आणि लिहिलं. मग पेन माझ्याकडे दिलं, शेवटी सही करायला. मी वाकलो.

"बाबा," रेवा म्हणाली, "जीभ."

मी आत घेतली नाही.

पुणे

तांदूळ, ठेचा, आत्याने दिलेली डाळिंबं आणि एकच निळी स्लिपर घेऊन परत आलो. दुसरी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तक्त्यातल्या मूळ गावाच्या रकान्यातली यादी मी त्याच दिवशी काढून टाकली. आता ज्याला जे लिहायचं ते लिहिता येतं. मामांच्या घरून लगेच कुणीतरी "स्वर्ग" असं भरून ठेवलंय. राहू दिलं.

नाना रोज सकाळी वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहितात. काय ते विचारलं नाही. मी लांबून तोंडाचा कोपरा बघून घेतो.

सोमवारी वर्षाची पहिली मीटिंग होती. श्रीधरने त्याची एक्केचाळीस गावं पडद्यावर मांडली आणि साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, यांचं काय करायचं. मला बरंच लिहायचं होतं. मी लॅपटॉप जवळ ओढला आणि कॅमेरा चालू केला.